काचेवरचा खेकडा

माझ्या मावशीच्या यजमानांइतका धीट माणूस सातारा-सांगली भागात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्या घरात मी जितका भ्यालो तितका स्मशानातही भ्यालो नाही. काका मूळचे कुंडलचे. लष्करातून पेन्शनीत निघाले, सांगलीत कृष्णेकाठी घर घेतलं आणि काचा कोरत बसले. जुन्या शिलाई मशीनच्या पायडलवर दगडी चकती फिरायची, तिच्यावर वरून थेंबथेंब पाणी पडायचं. सत्तरच्या दशकात मी त्यांच्याकडे राहून कॉलेज करत होतो. घाटावर दिसलेला जीव संध्याकाळपर्यंत घरातल्या काचेवर यायचा. कपाटाच्या काचेवर दिवड साप, आरशावर विंचू. धक्का लागून काही फुटेल म्हणून मी कोपरं अंगाशी धरून वावरायचो. एका पाहुण्यानं पाणी पिता पिता पेल्याच्या तळाशी खेकडा पाहिला आणि पेला टाकून थेट अंगण गाठलं. काकांना वाईट वाटलं ते पेल्याचं. मावशीला मात्र खेकड्याचं जन्माचं भय. त्यावरही काही कोरलं जाऊ नये म्हणून ती आपला पितळी तांब्या कपाटात कुलपात ठेवायची.

त्याच मावशीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनसाठी तिला साताऱ्याला ठेवलं. खाटेशेजारच्या खिडकीतून नुसती भिंत दिसायची. तुरा आलेला ऊस एकदा बघावासा वाटतो, असं ती काकांना म्हणाली. काकांनी सांगलीला येऊन आठ दिवसांत खिडकीत ठेवण्याजोगी काच कोरली. वर उसाचे तुरे, खाली पाण्याचा पाट. काच वाकळेत गुंडाळून आम्ही एसटीत बसलो, तेव्हा ती माझ्या मांडीवर ठेवत काका हळूच म्हणाले, "ही अख्खी पोचली, तर तीबी अख्खी घरला ईल." स्वतः का धरत नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

कऱ्हाडच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली आणि वाकळेत बारीकसं 'टच्' झालं. काका खिडकीबाहेर बघत होते. साताऱ्यापर्यंत मी आठवतील तेवढ्या देवांना नारळ बोलून घेतले, पण तोंड उघडायचं धाडस झालं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात वाकळ सोडली. खालच्या कोपऱ्यातून चार बोटं भेग चढली होती. मला रडूच फुटलं.

काकांनी भेगेच्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "भिऊ नगंस. टोकाला भोक पाडलं की भेग फुडं जात न्हाई."

पिशवीतलं हत्यार काढून, पाणी सोडत सोडत त्यांनी भेगेच्या टोकाला ज्वारीएवढं भोक पाडलं. ते पाटाच्या काठावरच आलं होतं. त्याचं त्यांनी बीळ केलं आणि बिळाच्या तोंडाशी खेकडा कोरून बसवला.

सकाळी मावशीला आत न्यायच्या आधी काच खिडकीत ठेवली. तिनं ऊस डोळे भरून पाहिला. मग तिची नजर खाली गेली.

"आवं, हितंबी आणलासा व्हय ह्याला?" म्हणाली आणि पोट धरून हसली. हसतच आत गेली. ती बाहेर येईपर्यंत काका त्या काचेपाशीच उभे होते.

मावशी घरी आली आणि पुढं बरीच वर्षं त्या खेकड्याला नावं ठेवत जगली. आता दोघंही नाहीत. काच माझ्या खिडकीत आहे. रस्त्यानं जड ट्रक गेला की मी अजून दचकून आधी बिळाकडं बघतो. भेग तिथंच थांबलेली असते. बाकी सगळ्या उसाच्या रेघा आखल्यासारख्या सरळ आहेत. फक्त खेकड्याचे पाय वाकडेतिकडे झालेत. काकांचा हात थरथरलेला मला तेवढाच माहीत आहे.