सामानात करवत बाळगणारी मावशी

माझी मावशी कपडे शिवायची. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, कापायचं टेबल आणि माप देणाऱ्याने कसंबसं उभं राहावं एवढी जागा. गिऱ्हाइकांना ती अबोल, मान खाली घालून काम करणारी बाई म्हणून माहीत होती. पण सुट्टी मिळाली रे मिळाली, की तंबू गाडीत टाकून ती अशा ठिकाणी जायची, जिथली वाट पुढे पुढे गवतातच हरवते. सामानात सगळ्यात आधी जायची ती करवत आणि कुऱ्हाड.

दोन्ही तिच्या सुतार वडिलांची. वापरायलाही तिला त्यांनीच शिकवलं होतं. कुऱ्हाडीच्या पात्याला तिने जाड कॅनव्हासचं नाडीवालं आवरण शिवलं होतं, करवतीच्या दात्यांवर चिरलेला रबरी पाइप बसवला होता. उभ्या झाडाला ती हात लावायची नाही. वाळून पडलेलं लाकूड तेवढं चुलीपुरतं कापायची.

मेव्हणीची चेष्टा करणं हा बाबांना आपला हक्कच वाटायचा. सहलीला निघालीस की दरोडा घालायला, असं ते दर वेळी विचारायचे. मावशी हसायची आणि सामान बांधत राहायची.

एकदा आई, बाबा आणि मी तिच्याबरोबर गेलो. रात्रभर वारा सुटला होता. सकाळी चहा पिता पिता बाबा एकदम खाली बसले. अंगाला दरदरून घाम, डावा हात दुखतोय म्हणाले. आईने घाईघाईने फोन काढला. रेंज नव्हती. तंबू तसाच टाकून आम्ही बाबांना मागच्या सीटवर टेकवून बसवलं आणि निघालो. पहिल्याच वळणावर वाटेत झाड आडवं पडलेलं.

मावशी उतरली आणि झाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. वाकून खालून पाहिलं. माझा धीर सुटला.

"मावशी, कापायला घे ना!"

"थांब. दोन्हीकडे टेकलंय, मधे अधांतरी आहे. नुसतं वरून कापत गेलो तर करवत चिमटीत सापडेल. मग आपणही अडकलो."

आधी तिने कुऱ्हाडीने आडव्या येणाऱ्या फांद्या उडवल्या. एका फांदीची पाचर तासून घेतली. मग वरून करवत चालवली, आणि चीर मिटायला लागताच पाचर तीत बसवून कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने ठोकली. तिचे हात भरून आले की मी करवत धरायचे, माझे आले की ती. शेवटचं कापायचं होतं खालून. तेव्हा मात्र तिने मला लांब उभं केलं आणि स्वतः खोडाच्या बाजूला गुडघे टेकून बसली. कडाडकन आवाज झाला, खोड मधे खचलं. शेंड्याकडच्या भागाला दोर बांधून आम्ही तो गाडीने बाजूला ओढला.

बाबा सगळं काचेतून पाहत होते. मावशी स्टिअरिंगवर बसली तेव्हा ते बारीक आवाजात म्हणाले, "दरोडा घालून झाला, आता लाकूड घरी नेऊ नकोस म्हणजे झालं."

या वेळी ती हसली नाही. बाहीने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

डॉक्टरांनी बाबांना वाचवलं. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं.

मावशीच्या तळहातांना फोड आले होते. कात्री धरवेना, कपडे रखडले, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. तिने कुणाला काही सांगितलं नाही. हाताला लागलंय, एवढंच. घरी आलेले बाबा जरा हिंडायला लागल्यावर रोज तिच्या दुकानात जाऊन बसू लागले. बसल्या बसल्या बटणं लावतो, म्हणाले. आयुष्यात कधी सुई हातात न धरलेला माणूस, पण चष्मा लावून मन लावून बसायचा. ती बटणं मावशी नंतर गुपचूप उसवून पुन्हा लावायची. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.