दमणीवरचं इंग्रजी

ताक घुसळून झालं होतं, लोणी अजून रवीलाच चिकटलेलं होतं, आणि आमच्या अक्का मांजरीला शिव्या देत तुळशीला पाणी घालत होत्या. अक्का म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. देवाचं आणि मांजरीचं, दोन्ही त्या एकाच तोंडानं उरकायच्या. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"कोण मेलं एवढ्या सकाळी?" अक्का ओरडल्या.

दारात गणोजी उभे होते. पागोटं नीट बांधलेलं, अंगरख्याचे बंद आवळलेले, जणू दरबारातच निघाले होते. गणोजी दरबारच्या पाहुणेघराची दमणी हाकायचे. दमणी म्हणजे छपराची, हलकी, दोन बैलांची गाडी. धारला कोणी बडा पाहुणा आला की त्याला मांडूचे महाल दाखवून आणायचं काम तिचं. गणोजींचे पणजोबा पवारांच्या पागेबरोबर देशावरून माळव्यात आले होते. तेव्हापासून या घराण्यानं जनावरं सांभाळली आणि माणसांना मुजरे केले.

"बाईसाहेब, मला इंग्रजी शिकवा," ते म्हणाले.

अक्कांच्या हातून तांब्याच निसटला.

प्रकरण असं होतं. मागच्या खेपेच्या साहेबाला गणोजींचं बोलणं कळलं नाही आणि गणोजींना साहेबाचं. त्या गोंधळात साहेब वाटेतल्या नालछ्याच्या बाजारातच उतरले, कांद्यांचे ढीग बघून खूश झाले आणि मांडू न बघता परत आले. आता मिस पार्कर नावाच्या मेमसाहेब येणार होत्या. पाहुणेघराचे कारभारी दत्तोपंत यांनी बजावलं होतं, "या खेपेला त्यांच्याशी इंग्रजीत बोललास तर बरं, नाहीतर मी महूच्या छावणीतून इंग्रजी येणारा गाडीवान आणतो."

"आणू दे की," अक्का म्हणाल्या. "तुला दुसरं काम मिळेल."

"मला मिळेल हो अक्का. पण बैल?"

हिरा आणि सरदार. बैल दरबारचे, पण वासरं होती तेव्हापासून गणोजींच्या हातचे. सरदार दुसऱ्या कुणाच्या हातची पेंड खात नसे. हिरा उतारावर घाबरायचा, तेव्हा गणोजी खाली उतरून त्याच्या कानाशी काहीबाही बोलत चालायचे. "नवा माणूस चाबूक घेऊन येईल," गणोजी म्हणाले. "हिऱ्याला चाबूक ठाऊकच नाही."

"मग शाळेतल्या मास्तरांकडे का नाही गेलात?" मी विचारलं.

"तिथं पोरं हसतील. इथं आलो तर लोक म्हणतील, ताक न्यायला आलाय."

मी लग्नाआधी पुण्याला कॉलेजात गेले होते. त्या विद्येचा धारमध्ये आजवर एकच उपयोग झाला होता, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणं. मी पदराला हात पुसले आणि तिथंच ओसरीवर शाळा भरवली.

सुरुवात सोप्यानं केली. "'सिट' म्हणजे बस."

"आणि 'बसा'?"

"तेही सिट."

"सरकारांनासुद्धा?"

"हो."

गणोजींनी पागोटं मागं सारलं. "महूच्या छावणीत एक गोरा शिपाई आपल्या कुत्र्याला शिकवत होता. सिट म्हणाला की ते बसायचं. कम म्हणाला की यायचं. गो म्हणाला की जायचं."

"तेच हे शब्द."

"मग नको, बाईसाहेब. ते कुत्र्याचे झाले. पाहुण्याला कसे लावू?"

मी परोपरीनं समजावलं. इंग्रजीत आवाजानं मान देतात, पुढे 'सर' लावतात, 'प्लीज' म्हणतात. गणोजी मान डोलवत राहिले आणि नाही म्हणत राहिले. पाहुण्याला ये, जा, बस असं फर्मावणं त्यांच्या जिभेच्या हाडातच नव्हतं, आणि जिभेला हाड नसतं हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? शेवटी मी हरले. क्रियापदं सगळी बाहेर काढली. मग उरलं काय? आय, यू, ही, शी, वी, दे ही एक रांग. आणि हिअर, देअर, नाउ, अप, डाउन, स्लोली, ऑलवेज, नेव्हर, टुगेदर ही दुसरी.

"ही झाली जोडी!" गणोजी खुलले. "एक या रांगेतला, एक त्या रांगेतला. जुंपले की गाडी निघाली. नाउ वी. अप यू. देअर दे."

"पण गणोजी, वाक्यात काम कुठंय?"

"काम हातानं दाखवतो ना. तोंडानं कशाला?"

आणि खरंच, ते "अप यू" म्हणत आणि दोन्ही हात असे अदबीनं वर नेत की मला उठून उभं राहावंसं वाटे. 'यू' म्हणजे तू की तुम्ही, हेही त्यांनी विचारून घेतलं होतं. दोन्ही, म्हटल्यावर त्यांनी प्रत्येक 'यू'ला कमरेतून लवायचं ठरवलं. लवलं की तुम्ही. न लवता फक्त हिरा आणि सरदार.

मला तेव्हा गंमत वाटली ती अशी, की इंग्रज माणूसही घरात बोलताना हेच करतो. किल्ली सापडली की 'हिअर इट' ही शब्दांची दोन पिल्लंच आधी उडी मारतात, मागून 'इज' हे क्रियापद धापा टाकत येतं. गणोजींनी त्याच्यासाठी थांबायचं नाकारलं, एवढंच.

मग धारची काही धडगत राहिली नाही. मुंज तलावावर म्हशी पाण्यातून निघेनात, तर गणोजी काठावरून म्हणाले, "स्लोली दे!" भाजीवाली माळवीत ओरडली, "गणोजी भिया, यो कंई बोली रिया हो?" तिला उत्तर मिळालं, "ऑलवेज यू!" म्हणजे भाजी मी नेहमी तुझ्याकडूनच घेतो. तिनं खूश होऊन मूठभर कोथिंबीर जास्त दिली.

आमच्याकडे ताकाचा पेला हातात आला की ते अक्कांनाही लवून म्हणत, "ऑलवेज यू."

"मला काय बोलला गं हा?" अक्कांनी मला दरडावून विचारलं.

"नेहमी तुम्हीच, म्हणाले. ताक तुम्ही देता म्हणून."

"मग मराठीत म्हणताना याच्या जिभेला काय झालंय?" असं म्हणून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुधाच्या भांड्यापाशी मांजर आली, तेव्हा आतून आवाज आला, "नेव्हर यू! नेव्हर यू, सटवे!"

मिस पार्कर आल्या त्या हसऱ्या, उंच, आणि काखेत टॉबी नावाचं पांढरं कुत्रं घेऊन. बाई एकट्या, म्हणून दत्तोपंतांनी सोबतीला मला बसवलं. वर अट घातली, "वहिनी, तुम्ही तोंड उघडायचं नाही. परीक्षा गणोजीची आहे."

गणोजींनी लवून पायरीकडे हात केला. "गुड मॉर्निंग. अप यू. अप ही. नाउ वी टुगेदर."

मिस पार्करनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर झाडाकडे पाहिलं.

नालछ्यापर्यंत सगळं बरं चाललं. त्यांनी बाजाराकडे बोट करून काही विचारलं, तेव्हा गणोजी घाईघाईनं म्हणाले, "नेव्हर वी! नेव्हर हिअर!" कांद्यांचा धसका त्यांच्या मनातून गेला नव्हता.

दरीच्या उताराला मात्र एक वानर आडवं गेलं आणि टॉबीनं गाडीतून उडी टाकली. "टॉबी, कम! टॉबी, सिट!" मिस पार्कर ओरडल्या. गणोजींनी मागं वळून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघितलंत, कुणाचे शब्द आहेत ते? टॉबी आज्ञाधारक होता. तो सिट म्हणताच बसला, तो थेट हिऱ्याच्या पुढच्या पायांशी. हिरा बिथरला, गाडी मागं-पुढं झाली. मिस पार्कर खाली उडी मारायला उठल्या. पलीकडे दरी होती.

"नेव्हर यू!" गणोजींचा आवाज दरीत घुमला. दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरलेले, आणि त्यातही कमरेतून लवलेले. "ओन्ली आय!"

मिस पार्कर मटकन खाली बसल्या. गणोजी उतरले, हिऱ्याच्या कानाशी गेले, काहीबाही बोलले. बैल शांत झाला. मग कुत्र्याला उचलून, त्याच्या पायाची धूळ आपल्या अंगरख्याला पुसून, त्यांनी ते मेमसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. "हिअर ही. यू, ही, ऑलवेज टुगेदर."

मिस पार्करचे डोळे भरले होते आणि त्या खदाखदा हसत होत्या. तिथून पुढे त्यांनी आपलं विलायती इंग्रजी दमणीखाली टाकून दिलं. जहाजमहालाच्या जिन्याशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "अप वी?"

"अप वी. स्लोली यू."

"अँड टॉबी?"

"डाउन ही," गणोजी ठामपणे म्हणाले.

संध्याकाळी रूपमतीच्या महालाच्या गच्चीवर उभे होतो. खाली निमाडाच्या मैदानावर धूर पसरलेला, आणि पार टोकाला एक बारीक चकाकती रेघ. गणोजींनी पागोटं सारखं केलं, हात जोडले. "देअर शी," ते हळूच म्हणाले. नर्मदामाईला याहून जास्त त्यांनी काही म्हटलं नाही. मिस पार्करनीही हात जोडले. "देअर शी," त्या म्हणाल्या. माझं तोंड बंद ठेवायची अट होती ते बरंच झालं.

मांडूला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतलो. पाहुणेघराच्या फाटकात दत्तोपंत वाटच बघत होते. मिस पार्करनी त्यांना भडाभडा सांगितलं, की असा वाटाड्या साऱ्या हिंदुस्थानात दुसरा नाही, याचा एकेक शब्द मला कळला. आणि जाताना बैलांकडे वळून त्या कमरेतून लवल्या. "ऑलवेज यू!"

दत्तोपंतांना तर आकाश ठेंगणं झालं. "गणोजी! अरे, तू तर दरबारची लाज राखलीस! आजपासून गाडी हाकणं बंद. तू पाहुणेघराचा जमादार. लाल पागोटं, पितळेचा बिल्ला, बसायला खुर्ची! साहेब लोकांशी फक्त बोलायचं!"

शिपायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मग एकदम थांबले.

"आणि दमणी, पंत?" मी विचारलं.

"दमणी काय, कोणीही हाकील, वहिनी. महूचा तो माणूस बोलावून घेतो. आता इंग्रजी नाही आलं तरी चालेल त्याला!"

गणोजी हिरा आणि सरदारच्या मधोमध उभे होते, एक हात याच्या मानेवर, एक हात त्याच्या. हिरा त्यांच्या अंगरख्याचा बंद चघळत होता. इंग्रजी शिकले ते ज्यांच्यासाठी, तेच आता त्या इंग्रजीपायी हातचे चालले होते.

"बोल की रे," दत्तोपंत म्हणाले. "आणखी काय हवं? आज माग, देतो."

गणोजींनी बैलांच्या मानेवरचे हात काढले, पुढे आले, आणि दत्तोपंतांना लवून मुजरा केला.

"पंत, खुर्ची नको. मला बैलांपाशीच राहू द्या."