अव्वाचा दारातला फोटो

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाबांनो. मधीच खिदळलात तर मला पुढचं सुचत नाही. आणि आमची बायको महानंदा चहा घेऊन आली की गप बसायचं. माझा गाढवपणा ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, त्यांची जीप आली, पाट्या बदलल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. माझं कापडाचं दुकान. हैद्राबादला माल आणायला गेलो की जुन्या बाजारात एक चक्कर ठरलेली. तिथं मला हा कॅमेरा घावला. जुना, मुठीत मावेल एवढा, चकचकीत, आणि थेट फ्रान्सचा! वर लिहिलेलं काही कळेना, पण एक बटण, एक चाक. एवढं तर कुणालाही जमतंय की!

त्याच आठवड्यात मुरुडजवळच्या सासुरवाडीहून निरोप आला. विहीर आटली, टँकरपुढं रांगा लावून सासूबाई थकल्या. मेव्हणा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन चालला होता. घर बंद होणार. महानंदा आईला अव्वा म्हणते.  संध्याकाळी हळूच म्हणाली, "अहो, अव्वाचा एक फोटो काढा. ती तिच्या दारात उभी असलेला. मला दुसरं काही नको."

बायकोनं काही मागितलं आणि तेही मला जमण्यासारखं, असं आमच्याकडं कधी होतं का? कलेक्टर ऑफिसच्या नव्या पाटीचा एक फोटो काढून हात बसवला आणि निघालो.

कॅमेऱ्यावर अंतराचे आकडे होते, मीटरमध्ये. मीटर म्हणल्यावर काय, घरचंच काम! दुकानातली लोखंडी मीटरपट्टी सोबत घेतली. अव्वाला दारात उभं केलं आणि तिच्या नाकापासून मोजत मागं सरकलो. एक, दोन, तीन. वर सवयीनं चार बोटं जास्त.

"काय मोजायलात जावाईबापू? झंपर शिवायचंय का माझं?"

"हलू नका! श्वास रोखा!"

खट्!

महानंदा नुसती आईकडं बघत होती. अव्वा मात्र जागची हलेना.

"झाला?"

"झाला की!"

"कुटं हाय मग?"

"ह्याच्यात."

"एवढ्याशा डबीत? येडी समजलाव का मला?"

आता तुम्हीच सांगा, गिऱ्हाइकानं मालावर शंका घेतली तर कापडवाला काय करतो? तागा उलगडतो, दुकानाच्या पायरीवर नेतो आणि म्हणतो, उजेडात बघा! आयुष्यभर मी हेच केलेलं. खटका दाबला, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, रोल हातभर बाहेर ओढला आणि समोरच्या उन्हात दोन्ही हातांनी ताणून धरला.

"हे बघा! एक नंबर माल! इथं आहात तुम्ही!"

अव्वानं डोळे बारीक केले. "मला तर कायबी दिसंना."

"धुतल्यावर दिसंल."

"धुतल्यावर?" अव्वा महानंदाकडं वळली. "ह्यांच्या दुकानातल्या लुगड्याचा तर धुतल्यावर हाय त्यो रंगबी जातो गं!"

निरोपाला जमलेली सगळी आळी हसली. मला लागलं ते! रोल गुंडाळून परत आत घातला, चाक फिरवलं, कॅमेरा अव्वाच्याच हातात दिला आणि मी जाऊन दारात उभा राहिलो. "तुम्हीच काढून बघा! ते बटण दाबा... ते न्हाई हो, त्याच्या शेजारचं..."

खट्!

तेवढ्यात मेव्हणा ओरडला, "चला, यष्टी चुकंल!" दाराला कुलूप लागलं. महानंदा अव्वाच्या गळ्यात पडली. मी आपला खिशातला कॅमेरा चाचपत तिला धीर देत होतो, "रडतीस कशाला? अव्वा इथं हाय की!"

चार दिवसांनी लातूरला स्टुडिओत गेलो. तिथल्या चाचांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शेठ, हा रोल उन्हात कुणी उघडला?"

"मीच की! सगळ्यांना नीट दाखवला."

चाचा मटकन स्टुलावर बसले. "या अल्ला! अहो, दाखवायचा नसतो तो! उजेड लागला की खलास. आधीचं सगळं गेलं. नंतर काढलेला तेवढा एक वाचला."

कोणता वाचला? माझा! सासुरवाडीच्या दारात, तोंड वासून, बोट दाखवत उभा असलेला मी!

घर पाच मिनिटांवर, पण मला दोन तास लागले. खरं सांगतो, एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. बिचारीनं एक फोटो मागितला होता. त्या दारातली अव्वा आता मी कुठनं आणणार होतो?

सगळं सांगून टाकलं. महानंदा भांडली असती तर बरं झालं असतं. ती फोटो घेऊन खिडकीशी गेली. उजेडात धरून निरखून बघितला. मग एकदम म्हणाली, "अहो, ही बघा अव्वा!"

फोटो काढताना दिवस कलला होता, ऊन अव्वाच्या पाठीवर होतं. तिची सावली अंगणातून थेट उंबऱ्यापर्यंत आलेली. डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. हुबेहूब अव्वा! महानंदा डोळे पुसत होती आणि हसतही होती. मला तर रडूच फुटलं.

तोच फोटो तिनं फ्रेम करून बैठकीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ठेवून दाखवते, "हे आमचं दार. हा उंबरा. ही माझी अव्वा."

पाहुणे विचारतात, "आणि मधी हे तोंड वासून कोण उभंय?"

"ते होय? ते बाजूला सरकंना झाले, म्हणून आले."