एका खोंडाचा साहेब

“आ वासा, साहेब! ह्यास्नी दात दिसू द्या!” चुलता असा ओरडला की मुळशी धरणाच्या पाण्यावर लाट उठली. मी डोळ्यांनी पाहिली.

फुटबॉलची मॅच नुकती संपली होती. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात दोन्ही संघ घाम पुसत उभे होते. साहेबाला वाटलं, मॅचनंतरची ही आपल्याकडची काही रीत असावी. त्यानं निमूट आ वासला. कोळवणच्या कप्तानानं वाकून आत पाहिलं आणि मान डोलावली. आमचा कप्तान मी. पण मला कोण विचारतो!

साहेब अस्सल इंग्रज. धरणावरची यंत्रं बघायला दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी आला. त्याचे भाऊबंद देश सोडून गेले, हा राहिला. आंबेमोहोर भाताची पेज सुटेना म्हणे. मराठी तर अशी बोलायचा की आमच्या म्हाताऱ्यांनी त्याच्याकडून शिकावी. त्याआधी दोन मोठ्या लढायांच्या मधल्या काळात तो विलायतेत पगारी फुटबॉलपटू होता. कोळशाच्या खाणीतून उचलून एका क्लबानं त्याला उजव्या बगलेला खेळवला. काही हिवाळे चिखल तुडवल्यावर त्या क्लबानं त्याला दुसऱ्या क्लबाला विकला. तिथं गुडघा गेला, आणि गुडघ्यामागोमाग नोकरी.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चुलत्याची चहाची बशी ओठाशीच थांबली होती.

“इकला? जित्ता माणूस?”

“व्हय. दोन्ही मालकांनी आपसात ठरिवलं. मी तवा आंगूळ करत हुतो.”

चुलत्याची निम्मी हयात बैलबाजारात गेलेली. फुटबॉल म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी कळलं. त्यातून त्याचा एक बैल पावसाळ्यात कड्यावरून गेला होता. मागं राहिलेला एकटाच दावणीला उभा. एका बैलावर नांगर कसा चालायचा? त्याच्या जोडीला शोभेल असा खोंड सगळ्या मावळात एकच. तोच रंग, तीच शिंगं. आणि तो होता नेमका ह्या कोळवणच्या कप्तानाच्या गोठ्यात! चुलत्यानं वर्षभर खेटे घातले. कप्तान दाद देईना.

आणि आज त्याच कप्तानानं साहेबाची लाथ पाहिली. गुडघ्यामुळं साहेब एका जागी उभा राहून खेळायचा, पण चेंडू पायाशी आला की संपलंच. त्या दिवशीचा चेंडू गोलातून गेला, दोन बांध ओलांडून गेला आणि एका म्हशीला लागला; ती पुढं आठवडाभर आडवी चालायची. खोटं वाटत असेल तर कोळवणात जाऊन विचारा.

“खोड काय?” कप्तानानं साहेबाचा गुडघा दाबत चुलत्याला विचारलं.

“उजवा पाय जरा आखडतोय. बाकी लई गरीब. मारका न्हाई.”

मग चुलत्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या आणि कप्तानाच्या हातांवर टाकला. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं दाबून ठरतो, म्हणजे तिसऱ्याला पत्ता लागत नाही. टॉवेल बराच वेळ वळवळला. मला वाटलं, कुठल्या तरी गाईचं चाललं असेल. साहेब शेजारीच बांधावर बसून शेंगा खात होता.

सकाळी खोंड आमच्या दारात. चुलता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि डोळे पुसत होता. मी मात्र तणतणत धरणावर गेलो. साहेब वंगणानं माखलेला, पाना हातात घेऊन यंत्रापाशी बसला होता.

“साहेब, काकांनी तुम्हाला कोळवणला विकलं! एका खोंडावर! आणि तुम्हाला साधं विचारलंसुद्धा नाही!”

साहेबानं चाकाचा नट घट्ट केला.

“मागल्या खेपेलाबी न्हवतं इचारलं.”