बाबांचा पहिला घाट

पाथरीहून निघालो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं आणि आई गाडीत पाण्याचा तिसरा कॅन कोंबत होती.

"आई, आपण डोंगरात चाललोय, वाळवंटात नाही," मी म्हणाले.

"असू दे. लोकाच्या गावात पाणी मागायची पाळी नको."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्या बाईनं निम्मं आयुष्य टँकरची वाट बघण्यात काढलं, ती भरलेलं भांडं सोबत घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. कॅनच्या वर धपाट्यांचा डबा, त्यावर शेंगदाण्याची चटणी, आणि सगळ्यात वर ज्वारीच्या पिठाची पिशवी. "तिकडं तांदळाची भाकर खातात म्हणं," असं म्हणून तिनं ती पिशवी अशा चेहऱ्यानं ठेवली की त्या लोकांची मला उगाच दया आली.

आम्ही चौघं होतो. मी परभणीला शाळेत गणित शिकवते. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, आणि तसंही वळणावर त्याला मळमळतं, त्यामुळे दोघांचीही सोय झाली. माझी मुलगी आर्या पाचवीत आहे. आणि आई-बाबा. गाडी माझी, यंदाच घेतलेली, जुनीच. पण माझं चालवणं म्हणजे घर ते शाळा. स्टिअरिंगवर बाबा होते. त्यांनी पाथरी-सोनपेठ रस्त्यावर अठ्ठावीस वर्षं स्वतःची जीप चालवली, माणसं, शेळ्या, नवरदेव, बियाण्याची पोती, सगळं वाहिलं, आणि गाडीला कधी ओरखडा पडला नाही. हे शेवटचं वाक्य आमच्या घरात मीठ-भाकरीसारखं रोज असतं.

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी एका दमात सांगितलं होतं, "घाट असंल तिथं." पाथरी ते सोनपेठ या रस्त्यावर सगळ्यात मोठा चढ म्हणजे गोदावरीवरच्या पुलाचा. घाट त्यांनी पाहिला होता तो फक्त एसटीच्या खिडकीतून. "सत्तरी आली माय," ते मला म्हणाले होते. "डोळे अजून नीट हायत तंवर एक घाट चालवू दे. मंग डायव्हर म्हणून माझं काई ऱ्हायलं न्हाई." आमच्याकडे लाडाच्या लेकीला माय म्हणतात. बाबांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. म्हणून मी माळशेज ठरवला.

ढालेगावच्या पुलावर सूर्य उगवला. माजलगाव, गढी, गेवराई असं करत निघालो. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, बायका ओटीत कापूस वेचत होत्या. शेवगावच्या पुढे एका लिंबाखाली थांबून धपाटे खाल्ले. नगरला वाहनांच्या गर्दीत बाबा एकदाही चिडले नाहीत, उलट आर्याला मागच्या आरशात बघून ट्रक कसा वळेल हे आधी कसं ओळखायचं ते शिकवत होते. आळेफाटा गेला, ओतूर गेलं, मग उजव्या हाताला धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं दिसलं आणि आई काचेला नाक लावून बघत राहिली. एवढं पाणी, तेही दिवाळीनंतर. ती म्हणाली, "ह्यांना टँकर ठाऊकच नसंल."

माळशेजची एक गंमत आम्हाला ठाऊक नव्हती. घाट म्हटलं की चढ, अशी आमची सपाटीवरच्या माणसांची समजूत. पण आम्ही पठारावरून आलो होतो. एका वळणावर डोंगर एकदम संपला, पुढे आभाळ आणि खाली, फार खाली, कोकण. घाट आमच्यासाठी उताराचाच होता. कड्यावरून अजून पाण्याच्या बारीक धारा रस्त्यावर पडत होत्या. "हे असंच वाया चाललंय?" आईनं विचारलं. तिला खरोखरच वाईट वाटत होतं.

आणि तिथे बाबांनी गाडी न्यूट्रल केली.

हे सांगितलं पाहिजे. जीपवाल्यांची ही जुनी खोड. पुलाचा उतार लागला की गिअर काढायचा, गाडी आपोआप पळू द्यायची, तेवढंच डिझेल वाचतं. बाबांनी अठ्ठावीस वर्षं प्रत्येक उतारावर हेच केलं होतं आणि आमच्याकडचे उतार लगेच संपून जातात, म्हणून ते खपलंही होतं. मी गाडी शिकले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या आठवड्यात बजावलं होतं की घाटात न्यूट्रल करायचं नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. मला ते पाठ होतं. मी पुढच्या सीटवर मोबाइलमध्ये नकाशा धरून बसले होते. मी बघितलं आणि गप्प बसले. बाबांना गाडीबद्दल मी काय सांगणार?

चार-पाच वळणं झाली. बाबांचा चेहरा इतका खुलला होता की ते गुणगुणत होते. मग मागून आई म्हणाली, "अहो, काईतरी जळायलंय."

पुढच्या वळणावर बाबांचा पाय ब्रेकवर नेहमीपेक्षा खोल गेला. त्यांचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी गाडी एकदम दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, इंजिन ओरडलं, गाडीनं गचका खाल्ला, हळूहळू हँडब्रेक ओढत ओढत त्यांनी ती डोंगराच्या बाजूच्या रुंद जागेत घातली आणि दगडाच्या बांधाला टेकवून उभी केली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. आर्या माझ्या सीटला मागून घट्ट धरून बसली होती. कुणालाही काही झालं नव्हतं.

आई कॅन घेऊन उतरली. इतक्या लांबून आणलेलं पाणी शेवटी कामाला येणार होतं. तेवढ्यात टोमॅटोचे क्रेट भरलेला एक टेम्पो आमच्या मागे थांबला. तिशीतला ड्रायव्हर उडी मारून आला. "पाणी मारू नका मावशी. तापलेल्या ब्रेकवर पाणी मारलं तर तडकंल. आपोआप गार होऊ द्या." त्यानं चाकांशी वाकून वास घेतला आणि बाबांना विचारलं, "न्यूट्रलमध्ये उतरत होता का काका?"

"हो."

"पहिलाच घाट?"

बाबांनी चाकातून येणाऱ्या धुराकडे बघितलं. मग म्हणाले, "हो."

"ज्या गिअरात चढणार, त्याच गिअरात उतरायचं. बाकी काय नाय." तो अगदी सरळपणे म्हणाला, त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण बाबा मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांना तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या पोराला काय माहीत, की समोर पाथरीच्या स्टँडवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर उभा आहे.

तासाभरानं ब्रेक पुन्हा नीट लागू लागले. टेम्पोवाला तोवर आईचे धपाटे खात थांबला होता. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव." मी त्यांच्याकडे बघितलं. ते मागचं दार उघडून आत बसलेसुद्धा. टेम्पोवाला पुढे सावकाश निघाला आणि त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, घामानं चिंब होत, मी उरलेला घाट उतरले. डोंगर कसा होता ते विचारू नका. मला फक्त टोमॅटो दिसत होते.

घाटाखालच्या एका वाडीत, पाहुण्यांना राहायला खोली देणाऱ्या लीलाताईंच्या घरी आम्ही दोन दिवस राहिलो. भिंती कारवीच्या (डोंगरउतारावर वाढणारं काठीसारखं झुडूप), वरून शेणामातीचा गिलावा, आणि अंगणात उभं राहिलं की समोर सह्याद्रीची आख्खी भिंत. सकाळी ढग तिच्या निम्म्यावर अडकलेले असायचे. जेवायला वालाची आमटी आणि तांदळाची भाकरी. आईनं दोन घास खाऊन कबूल केलं की भाकरी मऊ आहे, आणि लगेच स्वतःचं पीठ काढून चुलीपाशी बसली. दोघी बायका एकमेकींच्या भाकरी थापत, एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवत बसल्या. लीलाताईंना ज्वारीची आवडली. "पण पोटात दगडासारखी बसते हो आई," त्या म्हणाल्या. "बसायलाच पायजे," आई म्हणाली. "दिवसभर रानात राबायचं असतं."

आर्या ओढ्यात उतरून खेकडे बघत होती. आणि बाबा गाडी पुसत होते. सकाळी पुसली, दुपारी पुसली. डोंगराकडे त्यांची पाठ असायची. दुसऱ्या दिवशी लीलाताईंच्या यजमानांनी गावातल्या मिस्त्रीला आणलं. त्यानं चाकं काढली, पाहिली, पुन्हा बसवली आणि म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे काका."

"गाडी ठणठणीत हाय," बाबा म्हणाले. "डायव्हर न्हाई."

ते हसून म्हणाले होते, म्हणून मिस्त्रीही हसला. मला हसू आलं नाही. मी त्यांना घाटाची हौस पुरवायला आणलं होतं आणि त्यांचं चालवणंच इथं सोडून त्यांना घरी नेणार होते. त्यातही मला जास्त खात होतं ते हे, की मला माहीत असून मी बोलले नव्हते. दोनदा त्यांना सांगायला म्हणून गेले आणि दोन्ही वेळा फडकं पिळून देऊन परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी किल्ली घेऊन ड्रायव्हरच्या बाजूला गेले, तर आई पुढच्या सीटवर येऊन बसलेली. मांडीवर पिशवी, पदर खोचलेला.

"आई, नकाशा..."

"रस्ता एकच हाय. तू मागं बस. आणि किल्ली त्यांच्याकडं दे."

"मी न्हाई चालवणार," बाबा म्हणाले.

मग आई जे बोलली ते मी आजवर ऐकलं नव्हतं. "अठ्ठावीस वर्सं तुमी जीप चालवली. पुढची शीट पॅसेंजरची. सरपंच बसले, गुरुजी बसले, कोन कुठला दारू प्यालेला नवरदेव बसला. मी मागं, शेळ्यांत. मी कवा तोंड उघडलं न्हाई, धंदा होता. आज मी पुढं बसायलेय. तुमच्या शेजारी. पोरीच्या शेजारी बसायला मी एवढ्या लांब आले न्हाई."

बाबा वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आले. मग त्यांनी किल्लीसाठी माझ्यापुढे हात केला.

घाट चढताना बाबांनी गिअर हलवला नाही. दुसरा म्हणजे दुसरा. मागून गाड्या हॉर्न देत होत्या, त्यांना ते हातानं पुढे जायला सांगत होते. जिथे परवा थांबलो होतो तो बांध आला. बाबांचा वेग आणखी कमी झाला.

"भेव वाटायलंय का?" त्यांनी आईला विचारलं.

"तुमच्याइतकंच. चला."

घाटातल्या बोगद्यातून बाहेर पडून वर आलो तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. बाबांनी पहिल्यांदा डोंगराकडे नीट बघितलं. आई तिचे रिकामे कॅन घेऊन कड्यावरच्या धारेखाली गेली आणि तिन्ही भरून आणले. डोंगराचं पाणी शेजारणीला चाखवायचं होतं.

परतीचा दिवस लांब होता. गढी सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकीमागे एक, हत्तीसारख्या डुलत. संध्याकाळी ढालेगावच्या पुलाअलीकडे चहाला थांबलो. आई आणि आर्या भेळ घेत होत्या. बाबा आणि मी बोनेटला टेकून उभे होतो. मी एकदाचं सांगून टाकलं. "बाबा, घाटात न्यूट्रल करायचं नसतं हे मला माहीत होतं. मी बघत होते. बोलले नाही."

त्यांनी चहा संपवला. "ठाऊक हाय मला."

"कसं?"

"तुझा हात गिअरकडं आलता. म्या बघितला. मंग माघारी घेतलास." ते पुलाकडे बघत होते. "तुला वाटलं, बापाला कसं सांगावं. मला बी कळंना, पोरीनं हात कशाला आणला. इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्या इचारलं न्हाई." मग कप टपरीवर ठेवून ते म्हणाले, "हितून पुढं हात माघारी घेऊ नको माय. गाडीत बाप नसतो. गाडीत डायव्हर असतो."

माझे डोळे भरून आले. मी ते पुसत, न विचारता, पुढचं दार उघडलं. आई भेळेची पुडी घेऊन मागे उभीच होती. "तिकडं कुठं? मागं बस," ती म्हणाली. "मागून बी पुरतोय तुझा हात."

आता आठ दिवस झाले. मी दिवाळीची उरलेली सुट्टी पाथरीलाच काढते आहे. लोक येतात, डोंगराचं पाणी चाखतात, आणि बाबांना घाटाचं विचारतात. ओरखड्याचं वाक्य बाबा आता सांगत नाहीत. आधी उताराचं सांगतात, स्वतःची चूक, धूर, टेम्पोवाला पोरगा, सगळं. मग चढाचं. मला वाटलं होतं त्यांचं काहीतरी त्या घाटात राहून गेलं. तसं झालं नाही, एवढं आता नक्की सांगू शकते. काल शेजारचे काका आले होते. बाबा रंगात येऊन सांगत होते की तिसऱ्या गिअरमध्ये सगळा घाट कसा चढलो.

"दुसऱ्या, बाबा," मी म्हणाले.

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्या," ते काकांना म्हणाले, आणि पुढचं वळण सांगू लागले.