शवासनातली झोप

सतरंजीचा कोंदट वास आला की शिरवणे गावातल्या समाजमंदिरातली ती सकाळ आठवते. बायको जाऊन वर्ष झालं होतं. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटाच, म्हणून समाजमंदिरातल्या योगवर्गाला जायचो, पुढच्या रांगेत बसायचो आणि कुणी न विचारता इतरांच्या चुका काढायचो. हॉलची किल्ली सांभाळणारी गावातली म्हातारीही आसनं करायची. आदल्याच दिवशी मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मावशी, गुडघा वाकतोय. जमत नसेल तर नुसतं बघत बसा." त्या सकाळी शेवटी शवासनात डोळे मिटले, ते उघडले तेव्हा हॉल रिकामा होता आणि माझ्या अंगावर एक जुनी सतरंजी होती. चांगला तासभर झोपलो होतो. दाराशी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, किल्ली मुठीत धरून. मी ओशाळून म्हणालो, "उठवायचं नाही का, मावशी?" ती म्हणाली, "घोरत व्हता तुमी. मना वाटला, बऱ्याच दिसांनी झोप लागली हाय." खाली मान घालून सतरंजीची घडी करत राहिलो. आता मावशी नाही, किल्ली माझ्याकडे असते आणि मी मागच्या रांगेत बसतो. शवासन संपलं की रोज सतरंजी घेऊन थोडा थांबतो. पण सगळ्यांनाच घरी जायची घाई असते. अजून कुणी झोपलेलं नाही.