पिंपरी पेंढारचा पुसलेला घड

द्राक्षावरचा पांढरा थर म्हणजे विष, असं मी दहा वर्षं फवारणीविरोधी सभांमधून सांगत होतो. द्राक्षबाग मात्र आतून पाहिली नव्हती. म्हणून २००७च्या फेब्रुवारीत निघालो.

शिवाजीनगरहून आळेफाट्याची एसटी पकडावी. मंचरला गाडी थांबते. भजी गरम असली तरच घ्यावीत. फाट्यावरून ओतूरकडे जाणारी वडाप जीप पिंपरी पेंढारला सोडते. ती भरल्याशिवाय हलत नाही.

माझ्या ओळखीच्या विमलताई आणि त्यांचे यजमान बबनराव काळी द्राक्षं पिकवतात. संध्याकाळी ताईंनी नारायणगावच्या प्रदर्शनासाठी तीन घड काढले. देठाला धरून, मण्याला बोट न लावता, सुपात कागदाच्या कातरणावर ठेवले. आजवर तिथल्या स्पर्धेत नाव बबनरावांचं लागे. यंदा पहिल्यांदा ताईंचं होतं.

सकाळी मला ब्लॉगसाठी फोटो हवा होता. त्या तिनांतला एक घड ओल्या रुमालाने पुसला. मणी काचेसारखे चमकले. ताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“भाऊ, ह्ये काय केलं?”

“औषध पुसलं.”

“औषध न्हाई, लव हाय ती. द्राक्षानं सोताच धरलेलं मेण. पाणी आत राखतं, बुरशी भायेर. लव गेली की घड बाद.”

बबनराव म्हणाले, “पावणं, आंघोळ तुमी करायची व्हती.”

ताई कात्री घेऊन बागेत गेल्या. उरलेल्यांतला बरा घड आणला, पण त्याचे खालचे मणी अजून लालसरच होते.

प्रदर्शनात परीक्षकांनी नेमका तोच फिरवून पाहिला. “खाली रंग कमी पडलाय.”

मी शेजारीच उभा होतो.

“व्हय सायेब,” ताई म्हणाल्या. “निवडायला मीच चुकले.”

नंबर आला नाही. परतताना मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंत?

“तुमचं नाव घिऊन रंग आला असता व्हय?”

घरी येऊन वाचलं. द्राक्षाची साल ज्या कच्च्या मालातून रंग तयार करते, त्यातूनच बुरशीशी लढणारी द्रव्यंही करते. पिकताना रंग वाढतो, लढण्याची ताकद घटते. अशा वेळी त्या मेणाचाही आधार असतो, आणि मी तोच काढला होता.

अती फवारणीविरुद्ध मी बोलत राहणारच. पण पुण्यातल्या पुढच्या सभेत आधी हे सांगितलं: प्रत्येक पांढरा थर विष नसतो, आणि हे न कळल्यामुळे मी एका बाईचा घड बाद केला. त्या सभेत टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या.